सोन्याचं चलन परत येणार का? जरा सविस्तर सांगते

सेलूहून एका तरुणाचा प्रश्न आलाय. वडिलांच्या सोयाबीनचे चार लाख रुपये हातात आलेत. गावात एक व्हिडिओ फिरतोय की मोठे देश पुन्हा सोन्यावर चालणारं चलन आणायच्या वाटाघाटी करताहेत, डॉलर बसणार, नोटांचा कागद होणार. तो विचारतो, हे खरं का? 1944 साली जगानं सोन्याला धरूनच सगळं ठरवलं होतं म्हणतात, मग ते मोडलं कोणी? आपल्या नोटेवर गव्हर्नर 'अदा करने का वचन' देतात ते नेमकं काय अदा करतात? आणि शेवटी, चार लाखांचं सोनं घेऊन ठेवू का?

दादा, व्हिडिओवाल्यानं तीन वेगळ्या गोष्टींची एकच मोट बांधलीय. देशादेशांत सोन्यावरून काय बोलणी होतात ही एक. सरकारं सोनं का साठवतात ही दुसरी. आणि तुमच्या घरात किती सोनं असावं ही तिसरी. पहिलीचं उत्तर तिसरीला लावलं की माणूस फसतो. तिसरीचं उत्तर तुमच्यावर कर्ज किती, जमीन कोरडवाहू की ओलिताची, घरात लग्न कोणाचं, यावर ठरतं आणि ते मला इथून दिसत नाही. पहिल्या दोन गोष्टींवर मात्र सांगण्यासारखं बरंच आहे. नोकरीची पहिली वर्षं मी मुंबईत एका बँकेच्या परकीय चलनाच्या टेबलावर काढली आणि शेवटची वर्षं लातूर जिल्ह्यातल्या शाखेत सोनेतारणाच्या खिडकीमागं. दोन्हीकडं व्यवहार एकच असतो हे कळायला मला वीस वर्षं लागली.

सुरुवात जालन्यापासून करते, कारण चलनाचा आधार म्हणजे काय हे मला तिथं समजलं. 'जालना सोने का पालना' असं आमच्याकडं म्हणायचे. आजोबांची मोंढ्यात आडत होती. त्यांच्या खतावणीत रकमेचे दोन रकाने असायचे: हाली आणि कलदार. हाली म्हणजे निजामाचा चारमिनार छाप रुपया, कलदार म्हणजे इंग्रजांचा. 100 कलदारला साधारण 116-117 हाली, सात हालीला सहा कलदार असा ढोबळ हिशोब. परतूरच्या शेतकऱ्याला पैसे हालीत द्यायचे, मुंबईच्या पेढीला कलदारमध्ये, आणि मधला वटाव पोटात घालायचा. दोन्ही रुपये चांदीचे, पण मुंबईत हालीला कोणी विचारत नसे. नुसती धातू असून भागत नाही, समोरच्यानं ती कोणत्या भावानं घ्यायची हे दोन सरकारांत ठरावं लागतं.

आणि ते ठरलेलं मोडतं कसं, हेही मराठवाड्यानं बघितलंय. 1947 च्या नोव्हेंबरात भारत सरकार आणि निजाम यांच्यात 'जैसे थे करार' झाला. शाई वाळायच्या आत निजाम सरकारनं दोन वटहुकूम काढले. संस्थानातून मौल्यवान धातू भारतात न्यायला बंधन घातलं, आणि भारतीय रुपया संस्थानात कायदेशीर चलन राहणार नाही असं जाहीर केलं. वर पाकिस्तानला 20 कोटींचं कर्ज दिलं, तेही भारत सरकारच्या रोख्यांत. दिल्लीनं कराराचा भंग झाला म्हणून ओरड केली. रझाकारांच्या कहाण्यांत हा भाग झाकला जातो, पण भांडण धातू, चलन आणि रोखे या तिघांवरून होतं. जगातल्या मोठ्या परिषदांमध्येही याच तिघांवरून भांडणं झालीत, फक्त आकडे मोठे.

आता त्या परिषदांकडं येऊ. पहिल्या महायुद्धाआधी बहुतेक बड्या देशांचं चलन सोन्याला बांधलेलं होतं. बांधलेलं म्हणजे नोट घेऊन या, ठरलेल्या वजनाचं सोनं घेऊन जा. यात एक गोष्ट आपोआप घडायची. देशाची आयात निर्यातीपेक्षा वाढली की सोनं बाहेर जायचं, सोनं गेलं की नोटा आवळाव्या लागायच्या, आणि नोटा आवळल्या की मजुरी, शेतमाल सगळ्यांचे भाव पडायचे. हे ऐकायला शिस्तीचं वाटतं. प्रत्यक्षात ती शिस्त नेहमी देणेकऱ्याच्या वाट्याला यायची. ज्याच्याकडं सोनं साचलंय त्यानं आपल्याकडं भाव वाढू द्यायचे, म्हणजे तोल सावरेल, असं पुस्तकात होतं. त्याला तसं करायला कोणी भाग पाडू शकत नव्हतं.

युद्धात सगळ्यांनी नोटा छापल्या आणि ही व्यवस्था मोडली. 1922 साली जिनोव्हाला परिषद झाली. सगळ्यांना पुरेल इतकं सोनं नाही, म्हणून लहान देशांनी सोन्याऐवजी पौंड-डॉलरसारखी सोन्याला बांधलेली चलनं गंगाजळीत ठेवावीत, अशी शिफारस तिथं झाली. 1925 ला चर्चिल ब्रिटनचे अर्थमंत्री असताना पौंड परत सोन्याला बांधला, तोही युद्धाआधीच्या चढ्या दरानं. सहा वर्षांत, सप्टेंबर 1931 ला, तो सोडावा लागला. 1933 ला लंडनला पुन्हा जागतिक परिषद भरली. तिथं अमेरिकेचे अध्यक्ष रुझवेल्ट यांनी चलन स्थिर करायच्या मसुद्याला जाहीर नकार कळवला आणि परिषद पांगली. पुढच्याच वर्षी अमेरिकेनं सोन्याचा भाव औंसाला 20.67 डॉलरवरून 35 डॉलर केला. औंस म्हणजे 31.1 ग्रॅम, आजच्या तीन तोळ्यांना जरासा जास्त.

1931 चा आपल्याकडचा परिणाम सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया पौंडाला 1 शिलिंग 6 पेन्सनं जखडलेला होता. पौंड सोन्यावरून सुटला तसा रुपयाही सुटला, आणि रुपयात सोन्याचा भाव वर गेला. त्याच वेळी जागतिक मंदीनं कापूस, गहू, भुईमूग सगळ्यांचे भाव कोसळलेले. सावकाराचं मुद्दल मात्र होतं तेवढंच. मग खेड्यापाड्यांतून बायकांच्या अंगावरचं सोनं निघालं आणि जहाजं भरभरून विलायतेला गेलं. त्या काळच्या लिखाणात त्याला 'अडचणीचं सोनं' म्हणत. लंडनला ते हवंच होतं, त्यानं पौंडाला टेकू मिळत होता. पौंडाचं काय करायचं ते लंडनमध्ये ठरलं. ते ठरवताना या बायकांना कोणी विचारलं नव्हतं, आणि हिशोब मात्र त्यांच्या गळ्यातून वळता झाला.

आता तुमचा 1944 चा प्रश्न. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये ब्रेटन वूड्स नावाच्या ठिकाणी एका हॉटेलात 44 देशांचे प्रतिनिधी जुलैचे तीन आठवडे बसले. हिंदुस्थानच्या शिष्टमंडळाचे प्रमुख इंग्रज अर्थसदस्य जेरेमी रेस्मन होते. पण त्यात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आपले चिंतामणराव देशमुख होते, षण्मुखम चेट्टी होते, मुंबईचे अर्देशिर श्रॉफ होते. परिषदेत दोन मसुद्यांची झुंज होती. ब्रिटनचे अर्थतज्ज्ञ केन्स म्हणत होते, 'बँकॉर' नावाचं एक आंतरराष्ट्रीय हिशोबाचं चलन करू. सोनं देऊन बँकॉर घेता येईल, बँकॉर देऊन सोनं मात्र मिळणार नाही. आणि देणं थकवणाऱ्याबरोबर येणं साठवून बसणाऱ्यालाही दंड. अमेरिकेचे हॅरी डेक्स्टर व्हाइट म्हणाले, नाही.

दोघांचं म्हणणं कुठून येत होतं ते बघा. ब्रिटन कर्जात बुडालेलं आणि जगातल्या सरकारी सोन्याचा निम्म्याहून मोठा वाटा अमेरिकेच्या तिजोरीत. सोनं ज्याच्याकडं, त्याला सोन्याचा मान टिकायला हवा. ज्याच्याकडचं संपलं, त्याला सोन्याची किंमत कमी व्हायला हवी. केन्स सोन्याला रानटी काळाचा अवशेष म्हणत ते बुद्धीनं पटलेलं होतं यात शंका नाही, पण 1944 साली ते ब्रिटनच्या सोयीचंही होतं. शेवटी व्हाइट यांचं झालं. डॉलर सोन्याला बांधला, औंसाला 35 डॉलर, आणि बाकीच्यांची चलनं डॉलरला बांधली. परकीय सरकारांनी डॉलर आणून दिले तर अमेरिका सोनं देईल हे वचन. साध्या नागरिकाला नाही. अमेरिकेच्या नागरिकाला तर 1933 पासून 1974 च्या अखेरपर्यंत सोन्याची बिस्किटं बाळगायलाच बंदी होती. तो सोन्याचा सुवर्णकाळ होता असं व्हिडिओत सांगतात तेव्हा हे गाळतात.

आपलं शिष्टमंडळ तिथं कशासाठी भांडत होतं? युद्धात ब्रिटननं हिंदुस्थानातून धान्य, कापड, माणसं नेली आणि बदल्यात लंडनमध्ये पौंडाच्या नोंदी करून ठेवल्या. त्या वाढत वाढत शंभर कोटी पौंडांवर जात होत्या. आपल्याला ते पैसे वळते करून मिळायला हवे होते. श्रॉफ यांनी तिथं सांगितलं त्याचा आशय असा, की बँकेत दहा लाख डॉलर शिल्लक, पण टॅक्सीचं भाडं द्यायला खिशात पैसे नाहीत, अशी आमची गत आहे. मोंढ्यात माल घालून आडत्याकडं बाकी अडकलेल्या कोणालाही हे कळेल. ब्रिटनकडून उत्तर मिळालं ते आडत्याचंच: तो तुमचा आमचा आपसातला मामला आहे, आम्ही इमानानं फेडू. याच परिषदेतून जन्मलेल्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या घटनेत तो विषय आला नाही.

मग मोडलं कसं? यात खलनायक शोधू नका. गुंता रचनेतच होता. जगाचा व्यापार वाढवायचा तर जगाला डॉलर हवेत. जगाला डॉलर मिळायचे तर अमेरिकेनं सतत बाहेर देत राहायचं. आणि जितके डॉलर बाहेर, तितकं 35 च्या दरानं सोनं देण्याचं वचन पोकळ. रॉबर्ट ट्रिफिन या अर्थतज्ज्ञानं 1960 लाच हे बजावलं होतं. त्याच वर्षी लंडनच्या बाजारात औंस 40 डॉलरला जाऊन आला. मग 1961 पासून अमेरिका आणि सात युरोपीय देशांनी एक मंडळ करून लंडनला सोनं विकून भाव दाबून धरायचा धंदा केला, निम्मा भार अमेरिकेचा. फ्रान्सचे द गॉल यांनी फेब्रुवारी 1965 ला उघड सांगितलं की डॉलरची ही मिरास आम्हाला मान्य नाही, आणि डॉलर देऊन सोनं पॅरिसला न्यायचा सपाटा लावला. 1967 ला फ्रान्स त्या मंडळातून बाहेर पडला, मार्च 1968 ला मंडळच बंद झालं. त्यानंतर सरकारांसाठी 35 चा भाव आणि बाजारात वेगळा, असे दोन भाव. मला हे वाचताना नेहमी नाफेडचं हमीभावाचं केंद्र आणि मोंढा आठवतो. दोन भावांतलं अंतर वाढलं की माल कुठून कुठं जातो हे परभणीकराला सांगायला नको.

15 ऑगस्ट 1971 ला अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी खिडकी बंद केली. आता डॉलर आणा, सोनं मिळणार नाही. त्यांचे अर्थमंत्री कॉनली युरोपीय मंत्र्यांना म्हणाले, डॉलर चलन आमचं आहे, पण अडचण तुमची. डिसेंबरात वॉशिंग्टनला पुन्हा बसून औंसाला 38 डॉलर ठरवलं, फेब्रुवारी 1973 ला 42.22 केलं, मार्चमध्ये सगळेच तरंगत्या, म्हणजे बाजार ठरवेल त्या दरावर गेले. गंमत म्हणजे अमेरिकेचं सरकार आपल्या खात्यात आजही सोन्याची किंमत 42.22 डॉलरच धरतं. आमच्या शाखेत एका थकीत ट्रॅक्टरची किंमत वहीत वीस वर्षं तशीच राहिली होती, तसंच.

जानेवारी 1976 ला जमैकाची राजधानी किंग्स्टनला जे ठरलं त्याची कोणी आठवण काढत नाही, आणि माझ्या मते तुमच्या व्हिडिओला खरं उत्तर तिथं आहे. तिथं ठरून 1978 पासून नाणेनिधीच्या घटनेत दुरुस्ती लागू झाली. सोन्याचा अधिकृत भाव रद्द, आणि कोणत्याही सभासद देशानं आपलं चलन सोन्याला बांधायचं नाही. हवं त्या चलनाला बांधा, मोकळं सोडा, सोन्याला नको. ही अट अजून कायम आहे. नाणेनिधीचं अडीच कोटी औंस सोनं सभासदांना जुन्या भावानं परत वाटलं आणि अडीच कोटी औंसाचा लिलाव करून नफा गरीब देशांच्या मदतीला वळवला. गरीब देशांना त्या वाटाघाटीत वेगळीच काळजी होती. सरकारी भाव वाढवून सोन्याला परत गादीवर बसवलं तर घबाड कोणाला? ज्यांच्या तिजोऱ्या आधीच भरल्यात त्यांना. आजही सोन्याचं चलन आणायचं म्हटलं की हाच प्रश्न पहिल्या दिवशी उभा राहील. सगळ्यात जास्त सरकारी सोनं अजून अमेरिकेकडंच आहे, 8,100 टनांच्या वर. डॉलर बुडवायला निघालेल्यांनी हा आकडा कागदावर लिहून समोर ठेवावा.

त्यानंतरचं एकच सांगते. नव्वदीत युरोपातल्या मध्यवर्ती बँका सोनं विकत सुटल्या. भाव औंसाला 250 डॉलरच्या आसपास आला. ब्रिटननंही याच सुमारास विकायला काढलं आणि पुढं सुमारे 395 टन विकून बसलं. सप्टेंबर 1999 ला पंधरा युरोपीय बँकांनी आपसात ठरवलं की सगळ्यांनी मिळून वर्षाला 400 टनांपेक्षा जास्त विकायचं नाही. बाजार समितीत आवक एकदम आली तर भाव पडतो म्हणून आळीपाळीनं गाड्या आणतात ना, तेच. हा करार नूतनीकरण होत होत 2019 ला संपू दिला, कारण तोवर विकणारं कोणी उरलं नव्हतं.

आता सरकारं सोनं का ठेवतात, ते मी खिडकीमागून सांगते.

2016 चा उन्हाळा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं ते दिवस. आमच्या शाखेत सोनेतारणाची रांग दुपारी दोनला संपत नव्हती. एक बाई आल्या, औसा तालुक्यातल्या. रुमालातून काळ्या मण्यांची पोत आणि दोन फुलं काढून काउंटरवर ठेवली. आमचे सराफ कसोटीच्या दगडावर रेघ ओढून आम्लाचा थेंब टाकतात, रंग बघतात. मग मणी, धागा, फुलांतली लाख यांचं वजन वजा. निव्वळ सोनं अकरा ग्रॅम आणि वर काही मिली. किमतीच्या पाऊण हिश्श्यापर्यंत कर्ज. पिशवी, तिच्यावर नंबर, सही, सील. मी पावती दिली तशा त्या म्हणाल्या, "बाई, मोडू नका हं." मी म्हटलं, "व्याज भरलं तर कोण मोडतंय?" तर म्हणाल्या, "तसं नाही वो. दुसऱ्याची पिशवी देताल. मला हीच पाहिजे." पेरणीला मोड करायची नाही, गहाण ठेवायचं आणि दिवाळीला सोडवायचं. त्यांना सोन्यानं काही विकत घ्यायचं नव्हतं. पाऊस नाही, सोसायटीत खातं थकलेलं, दुकानदार उधार देईना, अशा वेळी ज्याच्यावर कोणीतरी पैसे देईल अशी ती एकच वस्तू घरात होती.

1991 ला आपला देश हुबेहूब त्या बाईंच्या जागी होता. परकीय चलन काही आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलेलं, बाहेरच्या बँका उधारी द्यायला तयार नाहीत. मे महिन्यात सरकारकडचं जप्तीचं 20 टन सोनं स्टेट बँकेमार्फत स्वित्झर्लंडच्या बँकेला दिलं. जुलैत रिझर्व्ह बँकेनं आपलं सुमारे 47 टन सोनं विमानानं लंडनला पाठवून बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडं तारण ठेवलं, 40 कोटी डॉलरच्या आसपास मिळाले. देशात केवढा गहजब झाला! घरातलं मंगळसूत्र गहाण ठेवलं, अशीच भाषा होती. कर्ज त्याच वर्षी फिटलं, सोनं मात्र सोयीसाठी लंडनच्या तिजोरीतच ठेवलं. आणि 2009 ला त्याच रिझर्व्ह बँकेनं नाणेनिधीकडून 670 कोटी डॉलर रोख मोजून 200 टन घेतलं. सोडवलं आणि वर भर घातली.

आता 'हीच पिशवी पाहिजे'चा अर्थ. फेब्रुवारी 2022 ला युक्रेन युद्ध सुरू झालं तेव्हा पाश्चात्त्य देशांनी रशियाची बाहेर ठेवलेली सुमारे 300 अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली. व्हेनेझुएलाचं बँक ऑफ इंग्लंडमधलं 31 टन सोनं तर त्याआधीपासून अडकून पडलंय, त्यांचं खरं सरकार कोणतं यावर लंडनच्या कोर्टात वाद. हे बघून बाकीच्यांनी धडा घेतला. 2022, 2023, 2024 या तिन्ही वर्षांत जगभरच्या मध्यवर्ती बँकांनी मिळून दर वर्षी हजार टनांवर सोनं घेतलं. आपल्या रिझर्व्ह बँकेकडं मार्च 2025 अखेर सुमारे 880 टन झालं, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त, 510 टनांच्या वर, आता देशात आहे. आधीच्या काही वर्षांत त्यातलं बरंचसं परत आणलं. औशाच्या बाईंना कोणत्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकाशिवाय जे माहीत होतं, तेच.

तर व्हिडिओत खरं काय? सरकारं सोनं घेताहेत हे खरं. डॉलरवर सगळी भिस्त नको असं अनेकांना वाटतं, हेही खरं. पण त्यावरून सोन्याचं चलन येतंय असा निष्कर्ष काढायचा म्हणजे दुखणं हाल्याला आणि इंजेक्शन पखालीला. ब्राझील, रशिया, भारत, चीन वगैरेंच्या 'ब्रिक्स' गटाच्या 2024 च्या रशियातल्या कझान बैठकीच्या जाहीरनाम्यात आपापल्या चलनात व्यापार वाढवायची भाषा आहे, सोन्याच्या सामाईक चलनाचा ठराव नाही. डॉलर हटवणं हे भारताचं धोरण नाही, हे आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी स्पष्ट सांगितलंय. 'बासेल नियमांनी', म्हणजे बँकांच्या भांडवलाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी, 'सोन्याला पैशाचा दर्जा दिला' हेही फिरतंय. बँकेनं स्वतःच्या तिजोरीत ठेवलेलं सोनं भांडवलाच्या हिशोबात रोकडीसारखं धरायची मुभा त्या नियमांत जुनीच आहे. त्यात चलन वगैरे काही नाही.

आणि समजा उद्या कोणी ठरवलंच, तर एक साधी आकडेमोड करा. 880 टन म्हणजे दहा ग्रॅमच्या तोळ्यानं 8 कोटी 80 लाख तोळे. तोळा लाखाचा धरला तर 8 लाख 80 हजार कोटी रुपये. मार्च 2025 ला चलनातल्या नोटाच सुमारे 37 लाख कोटींच्या होत्या, बँकांतल्या ठेवी त्याच्या कितीतरी पट. नुसत्या नोटांमागं पूर्ण सोनं ठेवायचं तर एकतर तोळा चार लाखांच्या वर न्यावा लागेल, किंवा चारातल्या तीन नोटा काढून घ्याव्या लागतील. दुसरं केलं तर सोयाबीनचा भाव काय होईल, ते 1931 च्या शेतकऱ्याला विचारा.

तुमच्या चार लाखांचं. मला सगळी परिस्थिती माहीत नाही, तरी क्रम सांगते. पीककर्जाचं नुसतं नवं-जुनं करत असाल तर आधी ते खरोखर भरा. वेळेवर भरणाऱ्याला व्याजात सवलत असते, ती सोडून सोनं घेणं म्हणजे तोटाच. मग पुढच्या पेरणीचं बियाणं-खत आणि सहा महिन्यांचा दवाखाना-शाळा बाजूला. हे सगळं होऊन उरलं आणि घरात अडीअडचणीचं सोनं अजिबात नसेल, तर थोडं घ्या, तारण म्हणून. घडणावळ आणि जीएसटी गेल्यागत असतात, म्हणून नक्षीचा दागिना घेऊ नका. हॉलमार्कचा सहा अंकी-अक्षरी क्रमांक बघा, पक्की पावती घ्या. भाव लाखाच्या वर गेलाय म्हणून तो पडणारच नाही असं नाही. 1980 ला सोन्यानं उच्चांक गाठला आणि नंतर वीस वर्षं ते डॉलरमध्ये खाली खालीच राहिलं. मी नोकरीला लागले तेव्हाचे जुने सराफ हे हळहळून सांगायचे.

राहिलं नोटेवरचं वचन. 1934 च्या रिझर्व्ह बँक कायद्यात नोटांच्या चाळीस टक्के तरी सोनं आणि पौंडातले रोखे हवेत, त्यात सोनं किमान 40 कोटींचं, असं होतं. हिशोबाला सोन्याचा भाव धरलेला तोळ्याला 21 रुपये 24 पैसे, आणि तो तोळा आजच्यापेक्षा मोठा, 11.66 ग्रॅमचा. पन्नाशीत पंचवार्षिक योजनांना पैसा लागला तशी ती टक्केवारी गेली. 1957 पासून नियम असा की नोटा कितीही असोत, मागं 200 कोटींची किमान गंगाजळी हवी, त्यात 115 कोटींचं सोनं. तोच अजून आहे. म्हणजे तुम्ही पाचशेची नोट घेऊन रिझर्व्ह बँकेच्या दारात गेलात तर गव्हर्नर तुम्हाला शंभराच्या पाच देतील. वचन पूर्ण.

हाली रुपयाचं काय झालं, ते माझ्या वडिलांनी सांगितलेलं आहे. नवे हाली निघणं पन्नाशीच्या सुरुवातीला थांबलं, पण 1959 पर्यंत जुने चालत होते. आजोबांनी मुदतीत सगळे बदलून घेतले असं घरात सगळ्यांना वाटायचं. नंतर गल्ल्याच्या चोरकप्प्यात सतरा सापडले. बँकेनं घेतले नाहीत. वडील ते सराफ्यात घेऊन गेले, सराफानं चारमिनारकडं बघितलंही नाही, तराजूत टाकले आणि घट कापून चांदीचे पैसे दिले. एक रुपया आईनं ठेवून घेतला होता, तो माझ्याकडं आहे.